प्रश्न क्रमांक बारा

फॉर्म सहा पानांचा होता आणि बारावा प्रश्न सोडला तर बाकी सगळे प्रश्न आम्ही आठवडाभरात निकालात काढले होते. खोल्या किती? वर तीन, खाली दुकान. घरात गुंगी आणणारी औषधं आहेत का? अण्णांच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत, पण त्या आईनं पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलंय, आणि आमच्या घरातलं कुलूप म्हणजे कुलूप असतं, शोभेची वस्तू नसते. अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा? आत्याला.

बारावा प्रश्न असा होता: ‘रहिवाशाला घरात स्वतंत्र प्रवेश असेल का? हो / नाही.’

म्हणजे सरळ सांगायचं तर, काकाला घराची चावी देणार का?

दुसऱ्या कुठल्या घरात हा अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असता. आमचं घर पडलं कुलूपवाल्यांचं. पणजोबांपासून या गल्लीत आमचं दुकान आहे, आणि घरातल्या मुलाला पंधरावं लागलं की त्यानं अण्णांच्या डोळ्यांदेखत मशीनवर बसून स्वतःची घराची चावी स्वतः कापायची, हा आमचा नियम. माझी तीन महिन्यांपूर्वी कापून झाली. तिसऱ्या खेपेला जमली. फसलेल्या दोन अण्णांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवल्यात, मला हवेत उडावंसं वाटलं की बघायला.

काकानंही अशीच कापली होती. आणि मग पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटेनात, गोळ्यांना पैसे पुरेनात, तेव्हा दुकानात कापायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या चाव्यांची त्यानं गुपचूप एकेक जास्तीची नक्कल काढली. अकरा घरं. दार फुटलं नाही, कडी तुटली नाही. सगळीकडे तो पाहुण्यासारखा चावी फिरवून आत गेला. त्याला शिक्षा झाली तेव्हा अण्णांनी त्या अकराही घरांची कुलपं स्वतःच्या हातांनी, फुकट बदलून दिली आणि बाराव्या दिवशी आमच्या घराचंही बदललं. त्यानंतर त्यांनी काकाचं नाव घेतलं नाही. तीन वर्षं तुरुंगाची आणि वर आठ महिने पुनर्वसन निवासाचे, एकदाही नाही.

आता निवासातला काकाचा पलंग पुढच्या माणसाला द्यायचा होता. सोमवारी सकाळपर्यंत फॉर्म अण्णांच्या सहीनिशी पोचला तर काका घरी येणार. नाही पोचला तर चार तास लांबच्या दुसऱ्या गावातल्या निवासात त्याची सोय होणार होती. सोय चांगलीच होती, पण इस्पितळाच्या वर्कशॉपमधली त्याची नोकरी जाणार, मंगळवारचा व्यसनमुक्तीचा गट जाणार, सकाळी साडेसहाला गोळ्यांची ओढ आवरणारं औषध देणारी ओळखीची खिडकी जाणार. सगळं पहिल्यापासून.

बुधवारी अण्णांनी सगळ्यांना जेवायच्या टेबलाशी बसवलं.

“येतोय रविवारी. चार तासांसाठी. सहीचं मी तेव्हा बघेन. पण चावी द्यायची नाही, हे ज्याला पटतं त्यानं हात वर करावा.”

पहिला हात बाबांचा. “दुधानं तोंड पोळलंय आपलं, अण्णा. ताक फुंकूनच प्यायला हवं.” मग आईचा. मग, सगळ्यात हळू, आत्याचा.

“मी विरोधात आहे,” मी म्हटलं.

“भोंग्याचं मत धरलं जाणार नाही,” अण्णा म्हणाले. भोंगा म्हणजे मी. बारशातलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत उरलंय.

*

आत्याचं पुढचं सगळं तिनं मला सांगितलंय, म्हणून ते तिच्या बाजूनं सांगते.

आत्या शहर बस चालवते. रविवारी तिची सुट्टी होती, तरी काकाला आणि पिशवीवाल्या मॅडमना घेऊन बसनं येताना तिचा उजवा पाय अख्ख्या रस्ताभर रिकामा ब्रेक दाबत होता. “किती उशिरा वळवतोय बघ,” ती पुटपुटली.

“ताई, तू आज प्रवासी आहेस,” काका म्हणाला.

“गप्प बस. तू आज पाहुणा आहेस.”

पिशवीवाल्या मॅडम म्हणजे काकाच्या समुपदेशक. हे नाव मी ठेवलं, आणि ते पिशवीमुळेच पडलं. काका सुटला त्या सकाळी तुरुंगाच्या फाटकाबाहेर आत्या उभी होती. तिला वाटलं होतं, आपण एकट्याच असू. तर तिथे या बाई आधीच हजर, हातात कापडी पिशवी. पिशवीत काकाचं ओळखपत्र, महिन्याचा बसपास, सात दिवसांचं औषध, एक साधा फोन आणि बूट. बूट काकाला बरोब्बर बसले. आत्यानं विचारलं, माप कसं कळलं? बाई म्हणाल्या, “चार महिन्यांपूर्वी आत जाऊन विचारून आले होते. माणूस बाहेर पडतो तेव्हा पहिल्या दिवशी पाय चावू नयेत. पाय चावले की तो ओळखीच्या रस्त्याला लागतो.”

हे सगळं सरकारी पैशातून, सरकारी नोकर करत होता. आत्या स्वतः सरकारी बस चालवते, तरी तिला ते दोनदा सांगावं लागलं.

आणि आत्याला फाटकाशी उभं राहायला जड का जात होतं, तर काकाला पकडून देणारी तीच. त्याच्या जुन्या बुटात तिला रंगीत दोरे बांधलेल्या अकरा चाव्या सापडल्या होत्या. दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, गणवेशातच, ती पोलीस चौकीत गेली आणि बाहेर येऊन पुढची फेरी वेळेवर काढली. ही गोष्ट ती कुणाशीच बोलली नव्हती. काकाच्या निवासात मंगळवारी घरच्यांचाही गट बसतो, तिथे दोन महिने नुसती बसून राहिल्यावर एकदा तिच्या तोंडून निघालं, “माझ्या भावाला मीच धरून दिलं.” समोर एक नळदुरुस्तीवाला बसायचा. तो म्हणाला, “मी माझ्या मुलाला नाही दिलं. तो आता नाहीये.”

त्या रात्री ती तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपली म्हणे.

आमच्या जिन्याच्या वळणावर मॅडम दोन पायऱ्या पुढे गेल्या तशी आत्यानं काकाच्या कोटाच्या खिशात काहीतरी सोडलं.

“काय गं?”

“काही नाही. हात वर करताना खांद्यात दुखलं होतं माझ्या. वर चल.”

*

काका आत आला आणि उंबरठ्याच्या आत पायपुसण्यावरच थांबला. मला वाटलं होतं तो बारीक झाला असेल. उलट तो भरला होता. केस कानांवर पांढरे, नखं मात्र काळी, तेलाची. इस्पितळाचे मोडके पलंग आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करतो तो.

“भोंग्या, किती वाढलीस! आवाजही वाढलाय का?”

“काका, माझी चावी झाली!” हे मी ओरडले आणि मग लक्षात आलं की या घरात आज म्हणू नये असा हा एकच शब्द होता.

अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी मॅडमना नमस्कार केला, “बसा” म्हणाले आणि काकाच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. काकानंही पुढे व्हायची घाई केली नाही. आईनं टेबलावर भात, बटाट्याची भाजी, अंडी मांडली आणि अण्णा व काका यांच्यामध्ये मॅडमची खुर्ची ठेवली, दोन खणांमध्ये भिंत घालावी तशी.

जेवताना बाबांनी सुरुवात केली. बाबांना सरकारी म्हटलं की शिंक येते.

“मॅडम, राग मानू नका. पण सरकारी नळाला पाणी नसतं, सरकारी खिडकीत माणूस नसतो. मग तुमचंच एवढं कसं काय चालतं?”

“आमच्याही नळाला परवा पाणी नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “भाजी छान झालीय. पण खिडकीत माणूस असतो. सकाळी साडेसहाला खिडकी उघडली नाही तर साठ माणसांचं औषध चुकतं, आणि त्यातली दोन-तीन तरी संध्याकाळपर्यंत हातची जातात. आमची औषधवाली बाई गेल्या हिवाळ्यात पाय मुरगळलेला असताना आली होती, तुमच्या भावानं दुरुस्त केलेल्या चाकाच्या खुर्चीतून.”

“एक चाक कुरकुरत होतं तिचं,” काका म्हणाला. “अजून कुरकुरतं.”

आई हसली. बाबांनाही हसू येत होतं, ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. मॅडमशी.

“घसरला तर?”

आईनं उगाच भात वाढायला घेतला.

“घसरू शकतो,” मॅडम म्हणाल्या. “हमी मी देत नाही. देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. दुसऱ्या महिन्यात हा घसरला होता, तुम्हाला कुणी सांगितलं?”

सांगितलं नव्हतं. आत्याला ठाऊक होतं, कारण ती ताटात बघत होती.

काकानं चमचा खाली ठेवला. “एका शनिवारी गोळ्या घेतल्या, अण्णा. जुन्या माणसाकडून. रविवारी सकाळी साडेसहाला खिडकीशी गेलो आणि सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. पिशवी भरूनच गेलो होतो.”

“मग?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“मग त्या बाई म्हणाल्या, बरं झालं आलास, आणि डॉक्टरांना फोन लावला. औषध वाढवलं. दोनाच्या जागी आठवड्याला चार बैठका केल्या. पिशवी कुणीतरी उचलून परत माझ्या पलंगावर नेऊन ठेवली.”

“हाकललं असतं तर आमचं काम सोपं झालं असतं,” मॅडम म्हणाल्या. “त्याचं झालं नसतं. आम्ही काय मोजतो सांगू? किती वेळा घसरला ते नाही. घसरल्यावर किती तासांनी सांगायला आला, ते. त्याला चौदा तास लागले. पूर्वी किती लागायचे?”

पूर्वी तो सांगायलाच आला नव्हता. सांगायला आत्याला जावं लागलं होतं.

*

आता बाबा. बाबांनी मला हे सांगितलं नसतं, पण मी जिन्यात होते.

जेवण झाल्यावर बाबा काकाला “चल, नवं मशीन दाखवतो” म्हणून खाली दुकानात घेऊन गेले. काका दारातच उभा राहिला. शिक्षा झालेल्या माणसाला कुलपांचं काम करता येत नाही, तसा कायदाच आहे. मशीनला हात न लावता तो नुसता बघत राहिला, एखादं ओळखीचं कुत्रं परक्याकडे बांधलेलं दिसावं तसा.

“आवाज कमी आहे याचा,” काका म्हणाला.

“हं.”

“दादा, गिऱ्हाइकं परत आली?”

“अकरातली सहा.” बाबा कपाटं पुसायला लागले. पुसलेलीच होती. “तुझ्यामुळे काय काय ऐकलंय मी, माहितेय? कुणी चावी कापायला दिली की माझ्या बोटांकडे बघत बसायचे. दोन वर्षं. शेवटी मी मशीन फिरवून गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलं. बघा म्हटलं, मोजा दात!”

“मला माहीत नव्हतं.”

“कसं असणार? मी भेटायला आलो का कधी?” बाबा म्हणाले. मग त्यांनी फडकं टाकलं, काकाचा हात धरला, जोरात दाबला आणि सोडला. सोडला तेव्हा काकाच्या मुठीत काहीतरी राहिलं होतं.

“दादा...”

“काही बोलू नकोस. अण्णांना कळलं तर दोघांनाही बाहेर काढतील. हात मीच पहिला वर केला होता.”

मी जिन्यातून वर पळाले. बाबांनी हे केलं याचा आनंद होता आणि हे आधीच मीही करून बसले होते याची भीती. काकाला द्यायला मी एक पुस्तक आणलं होतं आणि त्याच्या पाठच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटपट्टीनं एक चपटी वस्तू लावली होती. पुस्तक केव्हाच त्याच्या कोटाशेजारी ठेवून झालं होतं.

*

सव्वादोन वाजले तेव्हा निघायच्या तयारीत कोट, पुस्तक आणि डबा घेऊन काका न्हाणीघरात गेला आणि दार लावून खिसे उलटे केले. त्याच्या डोक्यात काय आलं ते त्यानंच मला पुढे सांगितलं, हसत हसत, पण तेव्हा तो घामानं भिजला होता.

एक चावी ताईची. एक दादाची. एक पुस्तकातून निघाली, पट्टीसकट. आणि चौथी वहिनीनं बांधून दिलेल्या बटाट्याच्या भाजीच्या डब्याखाली, रुमालात. डबा वाजला म्हणून कळलं. वहिनीला मशीन चालवता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चारी एकाच कुलपाच्या. ताज्या कापलेल्या.

आणि साडेतीनला निवासाच्या दारात खिसे दाखवावे लागतात. सगळ्यांनाच. चाव्यांच्या चोरीत तीन वर्षं काढून आलेला माणूस एकाच चावीच्या चार नकला घेऊन उभा! त्याला हसूच फुटलं. मग हसू थांबलं. लपवता आल्या असत्या. बुटात जागा होती. बुटाचा विचार मनात आला त्या क्षणी तो न्हाणीघरातून बाहेर पडला. आणि सरळ टेबलाशी येऊन त्यानं चारही चाव्या अण्णांसमोर मांडल्या.

“चार मिनिटं लागली,” तो मॅडमना म्हणाला. “चौदा तासांवरून.”

आई एकदम भांडी घासायला वळली. आत्या छताकडे बघायला लागली. बाबा तर फॉर्म उलटा धरून वाचत होते.

अण्णांनी चष्मा लावला. एक चावी उचलली, उजेडात धरली.

“ही भोंग्याची. टोकाशी घाई केलीय. दोन खाचा नीट आणि तिसरीला हिचं लक्ष उडालं. लागेल, पण अडकेल.”

“अण्णा...”

“ही आमच्या बसवालीची. ब्रेक मारत मारत कापलीय.” त्यांनी तिसरी घेतली आणि अंगठा फिरवला. “हिची धार कानशीनं मारलीय. हाताला लागू नये म्हणून. माझ्या हाताखाली इतके शिकून गेले, हे एकच जण करतो.” बाबांकडे त्यांनी बघितलंही नाही, पण बाबांचे कान लाल झाले. “आणि ही कुणाची? ही सगळ्यात उत्तम आहे.”

नळ बंद झाला. “माझी,” आई म्हणाली, पाठमोरी. “अठरा वर्षं काउंटरवर बसून बघतेय. डोळे काय फक्त कांदा चिरताना वापरायचे?”

“डब्यात पाच कोऱ्या चाव्या होत्या,” अण्णा म्हणाले. “गुरुवारी चार राहिल्या, शुक्रवारी तीन, काल संध्याकाळी एक. हे कुलूप मी केलंय, या कोऱ्या चाव्या गावात कुणाकडे नाहीत. तुम्हाला काय वाटलं, मला कळणार नाही? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही कुलूपवाल्यापासून?”

“मग बोलला का नाहीत?” आत्या म्हणाली.

“मला बघायचं होतं,” ते म्हणाले, “की तो काय करतो.”

आणि मग ते पहिल्यांदा काकाकडे वळले. तीन वर्षं आठ महिन्यांनी. “घे एक. तुझी तू निवड.”

मला वाटलं झालं! मी मॅडमच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावलंच, ‘हो’वर खूण करायला.

“मला चावी नको, अण्णा,” काका म्हणाला.

“नको?” हे आम्ही सगळे एकदम.

“निवासात कुणालाच चावी नसते. मला आधी अपमान वाटायचा. बेल वाजवायची, आतून पाळीवरचा माणूस येतो, दार उघडतो, तोंडाकडे बघतो. नीट बघतो. डोळे, हात, चाल. आणि मग म्हणतो, ‘आलास? बरं झालं.’ रोज. कामावरून निघालो की बसमध्ये मला ते तोंड आठवतं.” तो चाव्यांकडे बघत होता. “चावीवाला माणूस कुणाला न दिसता आत येतो. मी अकरा घरांत तसाच गेलो. या घरातही वर्षभर तसाच येत होतो, तुम्ही सगळे जागे असताना. मला कुणीतरी दार उघडायला हवंय. चावी नंतर. मी मागेन तेव्हा.”

मॅडमनी वही काढली होती पण त्या लिहीत नव्हत्या. “हे मी त्याला शिकवलेलं नाही,” त्या हळूच आत्याला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. समुपदेशकांना ते चालतं वाटतं.

अण्णांचा चेहरा मात्र भलत्याच कारणानं पडला होता.

“आपली बेल बंद आहे,” ते म्हणाले.

खरंच की! नऊएक वर्षं तरी झाली असतील. प्रत्येकाच्या खिशात चावी, बेल वाजवणार कोण? बाहेरचे लोक खाली दुकानात येतात. ती कधी मेली ते कुणाला कळलंही नव्हतं.

“सरकारची बेल वाजते आणि कुलूपवाल्यांची बंद,” आई म्हणाली आणि बाबांकडे एक नजर टाकली. अशी नजर आईनं जपून ठेवलेली असते.

*

तीन वाजायला पंचवीस मिनिटं होती. तीनला निघालं नाही तर साडेतीनची हजेरी चुकते, आणि मॅडमनी आधीच सांगितलं होतं की त्या सगळं करतील पण घड्याळ फिरवणार नाहीत.

अण्णांनी बेलखाली स्टूल ओढलं. गुडघ्यांमुळे त्यांना चढता येईना. ते स्टुलाशी उभे राहिले, चार सेकंद, पाच. मग काका स्टुलावर चढला आणि अण्णांनी त्याचे पाय धरले. म्हणजे स्टूल धरलं असं ते म्हणतात. मी बघत होते, पाय धरले होते.

“कुलपाचं काम नाही ना हे?” बाबांनी मॅडमना विचारलं. “म्हणजे, कायद्यानं?”

“बेलला कायदा नाही,” मॅडम म्हणाल्या.

“गुंडाळी जळलीय,” काका वरून म्हणाला. “इस्पितळात पलंगाच्या घंट्या अशाच जातात. तार आहे का तांब्याची? बारीक.”

“भोंग्या, खालचा दुसरा खण,” अण्णा म्हणाले. मी गेले आणि आले, मधल्या पायऱ्या आठवतच नाहीत.

“हं. लाल धर.”

“धरलीय.”

“सोडू नकोस.”

“नाही सोडत, अण्णा.”

एवढंच बोलले ते दोघं. आत्या तोंडावर पदर ठेवल्यासारखा हात ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथं काहीतरी विनाकारण आपटलं.

तीनला तीन मिनिटं कमी असताना काका खाली उतरला. कोट घातला. पुस्तक घेतलं, डबा घेतला. चाव्या टेबलावरच होत्या. आईचा निरोप, बाबांचा हात, माझी मिठी. मॅडम पुढे, तो मागे, आणि दार बंद झालं. आमचं दार बंद होताना तीन खिट्ट्या बसतात, टक टक टक.

आम्ही पाचही जण त्या दाराकडे बघत उभे. बेल काही वाजेना.

“तार सुटली,” बाबा कुजबुजले.

“बटण गंजलं असेल,” आत्या.

“तो गेला,” अण्णा म्हणाले.

आणि बेल वाजली. काय आवाज होता! भिंतीवरचं कॅलेंडर हललं, खाली गल्लीत कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. सवयीनं माझा हात चावीकडे गेला आणि मी धावले.

“थांब,” अण्णा म्हणाले. “मी उघडतो.”

त्यांनी वेळ घेऊन उघडलं. दारात काका होता, बोट अजून बटणावर. अण्णांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. डोळे, हात, पायातले ते बूट. इतका वेळ बघितलं की मला वाटलं आता हजेरी चुकणार.

“आलास?” अण्णा म्हणाले. “बरं झालं.”

“निघालोय मी, अण्णा,” काका म्हणाला. “तीन वाजले.”

“मग नीघ. वेळ चुकवायची नाही.” आणि त्याच्या डोक्यावरून जिन्यातल्या मॅडमना, “बाई, तो कागद तसाच घेऊन चाललात का? आणा इकडे.”

फॉर्म उघड्या दारावर टेकवून अण्णांनी शेवटच्या पानावर सही केली. मग पानं मागे उलटली, बाराव्या प्रश्नाशी थांबले. ‘हो’ खोडलं. ‘नाही’ खोडलं. आणि समासात, चावीवर गिऱ्हाइकाचं नाव कोरतात तसं अक्षर न् अक्षर सुटं लिहिलं:

‘बेल वाजवेल. आम्ही उघडू.’